एकसष्ट टक्के स्तरमेघ

पुंता आरेनासला वारा असा, की
छपरावरचा कॅमेरा आम्ही दोनदा बांधला:
एकदा बोल्टांनी,
एकदा कोळ्यांच्या जुन्या जाळ्यातल्या दोरानं.
दर दहा मिनिटांनी तो अख्खं आभाळ
एका वाटोळ्या ताटात वाढतो.
कडेला खरकटं: अँटेना, धुराडं,
कधी काचेवरच बसलेला सीगल,
ज्याला आमचं न्यूरल जाळं
सुरुवातीला राशिमेघ म्हणायचं.

जाळ्याला स्वतःचं असं काही येत नाही.
नेवेन्काबाईंनी शिकवलं ते.
अकरा हजार फोटो, एकेकाखाली एकेक नाव.
तंतुमेघ. स्तरमेघ. निरभ्र.
अडलं की चष्मा पुसायच्या.
तरी अडलं, तर म्हणायच्या,
"हे अजून ठरतंय, एलिसेओ. थांब जरा."
फोटो थांबलेलाच असतो,
हे मी त्यांना कधी बोललो नाही.

आता यंत्र शंभरातले एक्क्याण्णव ओळखतं.
उरलेले मी रात्री चाळतो, मसूर निवडावी तसे,
आणि बरेचसे खडे एकाच खाणीतले निघाले.
हिवाळ्यातलं लख्ख, थंडीनं ताणलेलं निळं,
सामुद्रधुनीपलीकडचे कडे मोजता येतील असं,
आणि खाली यंत्राचं उत्तर:
स्तरमेघ, एकसष्ट टक्के.

थर तपासले. वजनं तपासली.
शेवटी शिकवणीचे फोटो उघडले.
एक ऑगस्ट. एकोणीस दिवस, एकाखाली एक,
निळ्या आभाळाला बाईंनीच लिहिलेलं:
स्तरमेघ. स्तरमेघ. स्तरमेघ.

विचारलं. त्यांनी किटली उचलली,
मातेच्या तुंब्यात पाणी ओतलं,
पहिला घोट, रिवाजाप्रमाणे, स्वतः घेतला.
"तेव्हा द्रागो इस्पितळात. त्याच्या उशाशी बसून नावं द्यायचे."
"पण फोटो निळे होते."
"हो रे. निळेच होते."

एकोणीस नावं मी दुरुस्त केली.
यंत्र चौऱ्याण्णवावर गेलं, अहवालात तसं लिहिलं.
विसाव्या दिवसाच्या फोटोत
बर्फ असा कोसळतोय की धुराडंही दिसत नाही,
आणि खाली बाईंचं: निरभ्र.
तो ना सुधारला, ना यंत्राला दाखवला.
त्याबद्दल विचारलंही नाही.

आज सकाळी दोराची गाठ सैल झाली होती.
वर चढलो. बोटं बधिर, गाठ काही बसेना.
खालून बाई ओरडून विचारत होत्या,
"काय दिसतंय रे?"