उसनं नाक

सफील्डच्या शेडमध्ये ऑक्टोबर उतरणीला लागलाय.
वर तुळयांना तंबाखूची पानं, देठ वर करून टांगलेली,
कुणी न्यायला न आलेल्या कोटांसारखी.
खाली दोन खुर्च्या, एक पालथं खोकं,
खोक्यावर लेओन वोयचिकची वही, कातर, काड्यापेटी
आणि एक सिगार. बिनपट्टीची, बिननावाची,
त्यानं स्वतः वळलेली.
शेवटची, म्हणतो.
तसं तो तीन वर्षं म्हणतोय.

दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात त्याचा वास गेला.
आमच्याकडे नाक कापलं गेलं की अब्रू जाते,
हे त्याला समजावलं तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला.
‘तीही गेलीय,’ म्हणाला, ‘तिच्यावाचून अडत नाही.’

म्हणून मी.
हार्टफर्डच्या विमा कंपनीत चौतीस वर्षं
कोण किती जगेल याचे तक्ते मांडले,
धूर काढणाऱ्यांचा हप्ता वाढवला.
आता दर गुरुवारी इथं येऊन
त्यांच्यातल्या एकाला नाक उसनं देतो.

‘आधी न पेटवता ओढ. काय लागतं?’
वहीत त्याच्या हातचे जुने शब्द आहेत: चामडं, देवदार, कोको.
मी देवदार जन्मात चाटलेला नाही.
‘गोणपाट,’ मी म्हणतो. ‘शेंगदाण्याचं. रिकामं.
सकाळी झटकलेलं.’
तो लिहून घेतो, गो ण पा ट,
रोमन अक्षरांत, पोलिश वळणानं.

पेटते. पहिला धूर मी नाकातून सोडतो,
डोळ्यांत पाणी.
‘मिरी. नाही, थांब.
दालचिनी. म्हणजे दालचिनी नव्हे,
तिचा डबा रात्रभर उघडा राहिल्यावर
उरते ती.’
त्याला हे पटतं. मान हलवतो,
जणू तो डबा त्याच्याच घरातला.

मध्यावर चव जड होते, गोडसर.
‘काकवी. तळाला लागायच्या आधीची.’
‘किती आधी?’
‘गुळव्या काहिलीवरून हात वर करतो
आणि बाकीचे धावतात, तेवढी.’
राख दीड इंच झालीय, पांढरी, पडत नाही.
राख तो बघतो. ती त्याला दिसते.
बोटानं सिगार दाबून जळ सरळ आहे का पाहतो,
आणि एवढ्यापुरता
पुन्हा मालक असतो.

मग शेवटचा तिसरा हिस्सा.

जिभेवर काहीतरी कोचतं,
गरम, नवसागरासारखं.
दुसरा झुरका. तेच. तिसरा.
तो पेन्सिल धरून बसलाय.
वर एक पान दुसऱ्यावर घासतं.
मला सरासरी काढायची सवय आहे,
दोन चांगले भाग, एक वाईट,
बेरीज करून भागलं की कुणाचंच काही बिघडत नाही.

‘कारलं,’ मी म्हणतो.
‘ते काय?’
‘भाजी. काहींना आवडते.’
‘तुला?’
‘नाही.’

तो लिहितो. खाली रेघ मारतो. 
मग बराच वेळ कातरीशी खेळतो.
‘पान अजून दोन वर्षं निजायला हवं होतं,’ म्हणतो.
‘मीच उठवलं. घाई केली.’

एक्क्याऐंशीच्या पुरुषाला तक्त्यात किती मिळतात
मला तोंडपाठ आहे.
त्यानं विचारलं नाही.
त्यानं विचारलं: ‘शंभरात?’
‘चौऱ्याऐंशी.’
‘सत्त्याऐंशी म्हण.’
‘चौऱ्याऐंशी.’
बाजारात पाठ फिरवल्यासारखं करतो, पुन्हा वळतो.
‘बरं. चौऱ्याऐंशी तर चौऱ्याऐंशी.
तेवढे मिळाले तरी पुष्कळ.’

उरलेल्या अकरा सिगारी तो पेटीत निजवतो,
झाकणावर खडूनं तारीख घालतो,
ऑक्टोबरचीच, दोन वर्षांनंतरची.
खडू फुंकतो. दार ओढून घेताना
बाहेरच्या गारठ्यात मी एकदा शिंकतो
आणि तो गर्रकन वळून बघतो.
‘मफलर बांध,’ म्हणतो. ‘उद्यापासून रोज.’