पाठ

मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
दर रविवारी मी पाठ देऊन बसतो.
सहा तासांचे पैसे, यार्डातल्या हमालीएवढे,
चहा वेगळा.
केरूला खरंच वाटलं न्हाई.
न हलायचे पैसे? म्हणली, कोन देतंय?

मुजावर बाई देतात.
वय असंल तिशी-बत्तिशी, बोटांना टर्पेंटाइनचा वास,
उजव्या कानामागं रंगाचा एक ठिपका
गेल्या दिवाळीपास्नं.
एक खिडकी त्यांनी गोणपाटानं बंद केली,
डावीकडची अर्धी उघडी ठेवली.
जुने लोक उजेड असाच घ्यायचे, म्हणल्या,
एका अंगानं. दुसरं अंग अंधाराला.
खालनं फळ्यांच्या फटीतनं पीठ वर येतं
आन् त्या तिरप्या उजेडात ज्वारी तरंगत ऱ्हाती.

त्यांच्याकडं एक जाडं पुस्तक हाय, शिवण उसवलेलं.
त्यात परमुलखातली चारशे वरसांमागची माणसं.
कुनी मेलेल्याला खाली उतरवतंय,
एक म्हातारा गुडघ्यावर टेकलाय, तळपाय आपल्याकडं,
तळपायाला माती.
ते तळपाय मी लई वेळ बगितले.
म्हणलं, ह्यो आमच्या यार्डात हाय.

चवथ्या रविवारी मला उठवून कापड दाखवलं.
पाठ माझीच. मणका, खवाटे, डावा खांदा बोटभर खाली,
तीस किलोचा रवा तेवीस वरसं तितंच बसतो.
पन रंग?
मी गुळातला माणूस. रवा फोडायच्या आदी सांगतो
कुठल्या गुऱ्हाळाचा.
म्हणलं, बाई, ह्यो हायड्रॉसचा गूळ हाय.
पावडर मारलेला. दिसायला पिवळाधमक,
गिऱ्हाईक फसतंय, जीभ न्हाई फसत.
बाई हसल्या न्हाईत.
पुस्तकाकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं,
मग पातळ सुरी घेतली
आन् महिन्याची पाठ खरवडून काढली.
वाईट वाटलं. चामडं माझं हुतं.

दुसऱ्या दिवशी सौद्याच्या वक्ताला यार्डात आल्या,
मांडलेल्या रव्यांपुढं उकिडव्या बसल्या.
काळा, लाल, मधाचा,
सावलीतला लाल, उन्हातला लाल.
अडत्या म्हणला, घ्यायचाय का नुसता बगायचाय?

मग एकदा खिद्रापूर. त्यांची स्कूटी, मागं मी, ओशाळलेला.
देऊळ हत्तींनी उचललंय. सोंडा गेल्या, पाय रोवलेले.
आत खांबाच्या माथ्यावर एक बुटका,
पोट पुढं, छप्पर तोलून.
मी हसलो, ह्यो तर आपल्यातला!
मग हसू गेलं.
यार्डात ओझं घेताना एकजण म्हणतो, हात लावा,
दुसरा लावतो. उतरवतानाबी.
ह्याला इतक्या वरसांत
कुनी म्हणलं न्हाई, ठेव जरा.
बाई वहीत काहीतरी काढत हुत्या. दाखवलं न्हाई.

चित्र गणपतीनंतर पुरं झालं.
भवताली अंधार, डावीकडनं उजेड,
पाठ आता जुन्या गुळाची, कडंला मधाची.
गुडघे वाकलेले, मान दबलेली, समद्या शिरा वर,
आन् खांद्यावर काही न्हाई.
म्हणलं, बाई, रवा?
त्या ब्रश पुसत ऱ्हायल्या.

केरू आली बगायला. पदर तोंडावर धरून
पुष्कळ वेळ उभी.
मग सरळ पुढं गेली आन् त्या डाव्या खांद्याखाली
हात लावला.
रंग ओला हुता. तीन बोटं उठली.
मी वरडलो. बाई म्हणल्या, ऱ्हाऊ दे.

घरी येऊन तिनं रॉकेलनं बोटं धुतली,
नखाच्या कडंला उरलाच.
रातच्याला भाकरी थापताना म्हणली,
तिरपं बसू नगा तितं,
उजेड अडतोय.