काट्यावरची रात्रपाळी

जिनिंगच्या काट्यावर, रात्री दोन गाड्यांच्या मधे,
मी ‘अंधारतळ’च्या विकीवर सातव्या विहिरीचं पान उघडतो.
कोणीतरी लिहून गेलंय:
‘इथला राक्षस लयच खतरनाक, सांभाळून जा बे.’

सांभाळून म्हणजे कसं?
भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करतात,
उरतो तो कापूस.
मी ‘लयच’ काढतो, ‘खतरनाक’ काढतो,
‘बे’पाशी बोट जरा अडतं, मग तोही जातो.

आता पानावर काहीच उरत नाही.
म्हणून विहिरीत उतरतो. मरतो. मोजतो.
तीन वार, मग तो दम घेतो,
दम घेताना डावा खांदा उघडा.
डावा कोणाचा? त्याचा, की आपला?
एवढ्या एका शब्दापायी पुन्हा मरतो.

बाहेर हॉर्न. अल्लीपूरची गाडी.
‘काटा बराबर हाय ना गा?’
‘गाडी खाली घे, शून्य पाहून घे, मग चढव.’
तो खरंच खाली घेतो. पाहतो. मान हलवतो.

चार वाजता लिहितो:
‘तिसऱ्या वारानंतर राक्षस थांबतो.
त्याच्या डाव्या खांद्यावर मारा,
म्हणजे तुमच्या उजवीकडे.’

सकाळी बदलांच्या यादीत कोणी ‘पिंपळभूत७’.
कुठला, कोण, मला ठाऊक नाही.
माझा एक स्वल्पविराम त्यानं उचलून
शब्दभर मागं ठेवलाय, आणि तिथंच तो शोभतो.
कारणाच्या रकान्यात लिहिलंय:
‘अकरा वेळा मरून पाहिलं. बरोबर आहे.
पण ‘बे’ कायले काढला बे?’