घोडं

कोल्हापूरच्या ठेसनात गाडी रिकामी झाली तेव्हा रात्र होती.
आम्ही तिघं. सिदोजी मगदूम, आकाराम डवरी आणि मी.
अंगावर सरकारी कोट,
पायांत दोन वेगवेगळ्या मापांचे बूट,
मागे सव्वाचार वर्षं,
त्यातली अडीच तुर्कांच्या लोहमार्गावर खडी फोडण्यात गेलेली.

टांगेवाला म्हणाला, मानमोडीनं गल्ल्याच्या गल्ल्या न्हेल्या.
तुमचं कोण उरलंय ते आधी बघा,
भाड्याचं मग बोलू.
आम्ही चालत निघालो.

पंचगंगेच्या पुलावर पहिल्यांदा टापा ऐकल्या.
मागं, पंधरा-वीस पावलांवर.
आम्ही थांबलो की थांबायच्या.
आकारामनं बूट काढून गळ्यात अडकवले,
म्हणाला, माझ्याच टाचा वाजत असतील.
अनवाणी चालला.
वाजतच राहिल्या.

कूतच्या वेढ्यात पीठ संपलं
तेव्हा साहेबानं घोडी मारायचा हुकूम काढला.
आम्ही जोतिबाच्या डोंगराखालची माणसं.
घोड्याला आधी हात जोडायचे, मग पाणी दाखवायचं.
कितीतरी दिवस नको म्हणालो.
मग एका सांजेला मी खाल्लं.
चव सांगत नाही. चव होती, एवढंच.
सिदोजीनं डोळे मिटून खाल्लं, आकारामनं रडत,
आणि दुसऱ्या दिवशी दोघं माझ्याआधी रांगेत.

केरबानं तोंड फिरवलं.
"देवाच्या बुडाखालचं काढून खाऊ व्हय रं?"
असं म्हणून हसला.
हिरड्या काळ्या पडल्या होत्या.
चैताच्या पुनवेला,
इकडं सासनकाठ्या नाचत असतील त्या घटकेला,
त्याला वाळूत दवण्याचा वास आला.
आम्हालाही आला.
कोसभर हिरवं पान नव्हतं.
केरबानं तो वास छातीत भरून घेतला
आणि परत सोडला नाही.

वडणग्याच्या फाट्यावर गुऱ्हाळ चालू होतं.
गुळव्यानं आमच्या ओंजळीत रस ओतला,
खांद्यावरून मागं बघितलं.
"घोडं तेवढं लांब बांधा, पावनं.
चिपाडाला तोंड लावतंय."
रस बोटांतून गळला.
कुणी वळलं नाही.

केर्लीच्या चढाला मी वळलो.
पांढरं होतं, चांदण्यात ओलं दिसणारं.
डाव्या मांडीच्या जागी काहीच नव्हतं,
तिथून पलीकडचा ऊस दिसत होता.
तरी लंगडत नव्हतं.
पाठीवर केरबा, कपाळभर गुलाल,
मांड ठोकून बसलेला,
पलटणीत कधी घोड्यावर न बसलेला केरबा.
तंबाखू मागेल असं वाटलं.
मागितली असती तर बरं झालं असतं.

त्याची आई जागी होती.
दार उघडून तिनं आम्हाला मोजलं,
पुन्हा एकदा मोजलं,
मग विचारलं, "जेवत हुता का रं?"
सिदोजी खाली बघायला लागला.
मी सगळं सांगितलं. मांस, रांग, दवणा.
म्हातारी विझल्या चुलीकडं बघत राहिली.
"मग खायचं न्हाई व्हय येड्यानं," म्हणाली.
"देवाला काय घोड्याचा तोटा?
दुसरं बसायला घेतलं असतं त्यानं.
मी केरबा कुठनं आणू?"

बाहेर एकदाच टाप वाजली,
उभ्या जनावरानं पाय बदलावा तशी.

पहाटे आम्ही डोंगर चढलो.
चांगभलं म्हणायला तिघांनी तोंड उघडलं,
आवाज आकारामचा निघाला.
गुरवानं मला गुलाल लावला.
मी कपाळ मागं घेतलं नाही,
पुढंही केलं नाही.

आता सिदोजी नाही, आकारामही नाही.
रात्री उंबऱ्याबाहेर मूठभर हरभरा भिजवून ठेवतो.
सून म्हणते, उंदीर खातात.
खात असतील.
सकाळी वाटी मात्र
चाटल्यासारखी लख्ख असते.