तळाचे चाळीस पौंड

संडरलंडच्या काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
अडीच वर्षं मी लोकांना त्यांचीच थकबाकी वाचून दाखवली.
काय बोलायचं ते समोर पडद्यावर लिहिलेलं असे,
दिलगिरीसुद्धा,
आणि दिलगिरीनंतर किती थांबायचं तेही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी डंडीहून फोन आला.
एल्स्पेथ गेडिस. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला.
"मला फक्त चाळीस फेडायचेत," म्हणाली,
"ते चाळीस. नऊ नोव्हेंबर,
रात्री दोन वाजून दहा मिनिटं, मशीनमधून काढलेले."

पडद्यावर तिचं देणं तीन थरांत होतं.
वर, दुसऱ्या बँकेकडून इकडे आणलेले चौदाशे,
साडेचार टक्के, फिटेपर्यंत तोच दर.
त्याखाली खरेदी: बॉयलरचा पंप, चष्मा, कुणाचे तरी बूट.
आणि अगदी तळाला रोख उचल,
सत्तावीस पूर्णांक नऊ टक्के,
वर काढल्याचे तीन पौंड वेगळे.
खरेदीला महिनाभर उसंत मिळते;
रोखीचं व्याज नोट हातात पडताच चालू लागतं.

मी वाचलं: "आपण भरलेली रक्कम
सर्वांत कमी व्याजाच्या शिल्लकेला आधी लागू होते."
पलीकडे किटली उकळून बंद झाली.
"म्हणजे स्वस्त आधी फिटतं."
"हो."
"आणि महाग तसंच राहतं."
"वाढत राहतं," मी म्हणालो.
हे पडद्यावर नव्हतं.

दरमहा साठ भरायची ती. तिने तोंडीच हिशोब मांडला,
शंभर मुलांसाठी बटाटे किती लागतील
हे ठरवणाऱ्या बाईला कागद लागत नाही.
दोन वर्षांवर जातील वरचे,
मग बॉयलर, मग चष्मा,
तोवर ते चाळीस सत्तरीला टेकलेले असतील.

"टॅक्सीवाला कार्ड घेत नव्हता," तिने सांगितलं.
मी विचारलं नव्हतं.
"हॉस्पिटलपर्यंत बाराच झाले.
वीसची एक नोट तशीच आहे, कोटाच्या खिशात. सुट्टे आठही.
तो कोट मी त्यानंतर घातला नाही."
मग जरा थांबून:
"तीच नोट परत भरली तर?
तीच, त्याच मशीनमधली?"

नोटेला कुठे आठवतं
ती कुठल्या रात्री बाहेर आली होती.
तीही वरच्या थरालाच लागेल, मी म्हणालो,
आणि आवाज उगाच हळू झाला माझा,
झोपलेल्या घरात दार लावावं तसा.

आम्हाला 'सदिच्छा' म्हणून पंधरा पौंडांपर्यंत देता येत,
कुणाला न विचारता. मी पंधरा टाकले, बटण दाबलं.
सदिच्छा सरळ वर गेली,
चौदाशेचे तेराशे पंच्याऐंशी झाले.
तळाचे चाळीस
जिथल्या तिथे.

अकरा मिनिटं झाली म्हणून ब्रॅडली माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.
ती म्हणाली, "तुझी चूक नाही, बाळा,"
आणि फोन आधी तिनेच ठेवला.

नंतर नियम उलटा झाला. किमान हप्त्याच्या पुढचंच नाही,
सगळंच आधी सर्वांत महागाला.
मी तोवर पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडत होतो;
दाताच्या दवाखान्यात जुन्या पेपरात वाचलं.
बोटांवर महिने मोजले तिचे.
दोनदा मोजले. दोनदा वेगळे आले.
आत हाक मारली त्यांनी, तेव्हा
तिसऱ्यांदा मोजत होतो.

त्या संध्याकाळी शेजाऱ्याची शिडी परत केली.
लायब्ररीचा दंड भरला, ऐंशी पेन्स.
मावशीला वाढदिवसाचं कार्ड टाकलं, चार दिवस आधीच.
कॉलिनचा नंबर
फ्रिजवर चिकटवलेला आहे, सहा वर्षं झाली.
वरच्या कोपऱ्यात त्याचा कागद सुटत आलाय.
मी त्यावर आणखी एक लोहचुंबक लावला.