अर्थ एकाच जागी

वादी कबीरला, टायरवाल्याच्या मागच्या गल्लीत
दुपारी दीडला पत्रा असा तापतो
की स्क्रूड्रायव्हरलाही सावलीत ठेवावं लागतं.
त्या वेळी कुणी येत नाही.
खल्फान आला. पिकअप मुलगा चालवत होता,
आणि मागे हौद्यात, चार पाय दुमडून,
रस्ता बापजाद्यांचा असल्यासारखी बसलेली सांडणी.

म्हणाला, "माझे डोळे गेले. आता हमूद चालवतो.
पण सम्हाला त्याचं चालवणं पटत नाही.
बरक्याच्या अलीकडेच उठून उभी राहते."
आणि दिश्दाशाच्या खिशातून
काडेपेटीएवढा प्लेयर काढला.
आत त्याचाच आवाज, तासभर.
गाणं नाही म्हणता येणार,
उंटाच्या चालीला लावलेलं काहीतरी लांबलचक,
मध्येच खोकला, मध्येच पेला ठेवल्याचा खण.
"हे तिच्या कानाशी वाजायला हवं."

कंपनीचा स्टिरिओ परक्याला दारात उभं करत नाही.
ना भोक, ना बटण, ना पाहुण्याला पाट.
पण पाठीमागे बारा पिनांचं एक तोंड असतं,
सीडी चेंजरसाठी राखलेलं.
तो या गाडीत कधी आलाच नाही,
ताट मात्र सोळा वर्षं मांडलेलं.
तिथे मी एक डबी लावतो.
डबी सांगते, मीच तो, तुझाच, कंपनीचा.
साफ खोटं, पण स्टिरिओला पटतं.
माझ्या बताक्यावरही सतरा वर्षं 'शेतमजूर' लिहिलंय.
शेत अजून पाहिलेलं नाही.

डॅशच्या पट्ट्या टक टक सुटल्या.
पिवळी कायमची, लाल चावीची,
नारिंगी दिव्याची, काळी अर्थाची.
हमूद वाकून कुजबुजला, पुढे पडदा बसेल का?
मॅचसाठी. हँडब्रेकची वायर तेवढी चुकवून.
मी म्हटलं, बसेल, पण गाडी उभी असतानाच दिसेल.
तो म्हणाला, मग काय उपयोग.
म्हातारा समोर बघत बसला होता,
कान आमच्याकडे.

इंजिन चालू केलं आणि घोटाळा झाला.
खल्फानच्या आवाजाखाली एक बारीक शिट्टी,
ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी.
सम्हाने मान वळवली, ओठ मागे ओढले,
पुढचा एक गुडघा उचलला.
चूक माझी. स्टिरिओला अर्थ डॅशच्या लोखंडात दिला,
ॲम्पला मागच्या बोल्टात.
चिपळूणचा माझा उस्ताद सांगायचा,
पोरा, अर्थ दोन जागी दिलास
तर गाडी दोन्हीकडे ओढते नि मधल्यामध्ये रडते.
(मी दर शुक्रवारी दाभोळला फोन लावतो,
ते इथे काढायची गरज नाही.)
वायर सोडवली, सीटखालून ओढत पुढे आणली,
रंग खरवडला, पांढरं लोखंड दिसेपर्यंत,
आणि दोन्ही काळ्या एकाच बोल्टला आवळल्या.
शिट्टी गेली.

काचेवर उमटलं, डिस्क एक, ट्रॅक एक.
खल्फान केबिनमध्ये, ओठ मिटून,
आणि मागून खल्फान.
सम्हाने एक कान स्पीकरकडे वळवला,
एक पुढच्या काचेकडे,
आणि बराच वेळ दोन्ही तसेच ठेवले.
मग उचललेला गुडघा खाली गेला.
"ओळखलं?" म्हाताऱ्याने विचारलं.
हमूद म्हणाला, "बसली."

मी बारा रियाल सांगितले.
त्याने दहा दिले आणि सुक्या लिंबांची पिशवी.
आणखी काही सांगणार होता,
तेवढ्यात ट्रॅकमधला खोकला आला.
तो थांबला.
खोकला पुरा होऊ दिला,
मग मुलाला म्हणाला, चल.

लिंबं अजून टूलबॉक्समध्ये आहेत.
पाना शोधताना
आत काहीतरी खुळखुळतं.