हाताची घडी

फॉर्मचं नाव : व्यावसायिक विकास आराखडा.
चौकट पहिली : येत्या सहा महिन्यांत आपण काय शिकाल?
चौकटीत कर्सर लुकलुकतो,
उत्तर न येणाऱ्या पोरासारखा
एकदा उभा, एकदा बसलेला.

अकरा वर्षं मी सांगलीत शिकवलं, तंत्रनिकेतनात.
खडूने, आवाजाने, क्वचित डस्टर आपटून.
इथे डंडीत गळ्यात निळी पट्टी,
तिच्यावर फोटो, आणि हुद्द्यात 'सहाय्य' हा शब्द.
खोली तळघरात, खिडकी फुटपाथच्या पातळीला.
येणाऱ्या-जाणाऱ्यांचे घोटे
ओळखू लागलेय मी एव्हाना.

पहिल्या महिन्यात मी फार हुशार होते.
कुणाचं घोडं अडलं की धावायचे,
हातातला माऊस काढून घ्यायचे,
चार क्लिक, झालं, थँक यू.
दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तेच घोडं, तीच पायरी.
इशबेल, बावीस वर्षं या खोलीत काढलेली,
बिस्किट चहात बुडवत म्हणाली :
तू त्यांची कामं फार छान करतेस.
मला ती शाबासकी वाटली.
संध्याकाळी बसमध्ये, अर्ध्या पुलावर, कळलं
की नव्हती.

मग डॉ. क्रायटन आले.
मृदा-यांत्रिकी. निवृत्तीला दोन वर्षं.
खिशात कायम नदीच्या गाळाची एक बाटली.
त्यांच्या तासाचं रेकॉर्डिंग झालं होतं,
खालची अक्षरं यंत्राने आपणहून लिहिली होती.
ते म्हणाले होते सिल्ट. यंत्राने ऐकलं गिल्ट.
म्हणजे टे नदीच्या मुखाशी
दरसाल टनावारी अपराधीपणा साचतो
आणि तो उपसल्याशिवाय जहाजं आत येत नाहीत.
रोनाला ऐकू येत नाही, ती फक्त वाचते.
तिने हे सगळं नेटकं वहीत उतरवून घेतलं
आणि विचारलं :
सर, हे परीक्षेला आहे का?

यंत्राला त्यांचं डंडीचं इंग्रजी कळत नाही.
माझं सांगलीचंही नाही.
माईक तपासताना मी नाव सांगितलं, मृण्मयी.
यंत्राने लिहिलं : मून, माय आय.
ते हसले. अर्थ काय, म्हणाले.
मातीची, म्हटलं.
त्यांनी खिशातली बाटली काढून
माझ्या टेबलावर ठेवली.

आणि आम्ही दुरुस्तीला बसलो.
त्यांचं एक बोट कीबोर्डवर हिंडतंय,
एस सापडेपर्यंत माझ्या बोटांना मुंग्या.
किती पोरांवर ओरडले असेन मी सांगलीत :
हाताची घडी, तोंडावर बोट!
आता मीच घातली.
तळवे काखेत दाबून धरले.
ते चुकले. पुसलं. पुन्हा गिल्ट.
कानशिलावर घाम.
वर कुणाचे तरी लाल मोजे थांबले, वळले, गेले.
मग सिल्ट.
पुढचा सिल्ट जरा लवकर.
तिसऱ्याला मी खुर्चीत नव्हतेच,
किटलीपाशी होते.

घडी म्हणजे पोरांना गप्प करणं,
एवढंच ठाऊक होतं मला.

फॉर्म परत आला. मॉर्वेनने
'हात आवरायला शिकले' याखाली पिवळी रेघ मारलेली :
छान! पण मोजता येईल असं लिही.

लिहिलं : चौदा मिनिटं.
उद्दिष्ट : वीस.

बाटली न्यायला ते विसरलेत.
टेबलाला धक्का लागला की गढूळ होते.
निवळायला तिलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो.
मी मोजलाय.